बांधावरची हाक

सात महिन्यांपूर्वी साध्या तापानंतर माझ्या मज्जारज्जूला सूज आली आणि दोन दिवसांत बेंबीखालचा मी मलाच परका झालो. डॉक्टर म्हणाले, चालणं यायचं असेल तर वर्षाच्या आत येईल. भेटायला येणारे म्हणायचे, "सुशांत, होईल रे सगळं नीट." त्यांच्या तोंडात साखर पडो, पण मला त्यांचा रागच यायचा.

बाळकुमला आमच्या मिठागरावर टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला फ्लॅट मिळाला. रोज अकराला फिजिओथेरपिस्ट अंतरा येते. मी डोळे मिटायचे, ती पायावर कापूस फिरवणार, कुठे लागलं ते मी सांगायचं. कधीच काही लागत नव्हतं. त्या दिवशी मी म्हणालो, "गार चिखल. टाच आधी रुतली."

"मी अजून हातच नाही लावला," अंतरा म्हणाली.

वाल सोलणारी माझी आई, आवडाबाई, थांबली. "तुजा बापूस टाच पयली टाकाचा."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो. पुढे बाप, आणि त्याच्या पावलात पाऊल टाकत मागे पोर. मीही तसाच शिकलो होतो.

"चल त्याच्या मागं," आई म्हणाली.

वॉकर धरून उभा राहिलो. उजवा गेला. डावा गेला. मी ढसाढसा रडलो. अंतरा मोठ्यानं पावलं मोजत होती. हॉल संपला, गॅलरी आली, तरी पाय थांबेनात. वॉकर रेलिंगवर आदळला आणि माझा गुडघा वर चढू लागला. माझ्या कंबरेला बांधलेला पट्टा मागे ओढता ओढता अंतराच फरफटत आली.

तेव्हा आई ओरडली, मिठागरात शेवटच्या बांधाशी ओरडायचे तशी, "बांध आयला रं, फिर मागं!"

पाय वळले.

आता मी रोज चालतो. डॉक्टर खूश आहेत, नातेवाईक पेढे मागतात. गॅलरीला कुलूप लावलंय, पण हाक आली नाही तर पाय बंद दाराशी चालत राहतात, नखं फुटेपर्यंत. चालणं सोडलं तर पुन्हा खुर्ची, आणि ती मला नको. म्हणून आई हॉलमध्ये बसून हाक मारते. ती ऐंशीची आहे, हल्ली तिला धाप लागते.

मी तिची हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. काल दुपारी तिचा डोळा लागला होता, तेव्हा लावून पाहिली. मोठ्या आवाजात, तीनदा.

पाय वळले नाहीत. आईला उठवावं लागलं.