न पोचवलेली हार

विद्यापीठात सगळे त्याला ‘पूल’ म्हणत. इकडचं तत्त्वज्ञान तिकडे आणि तिकडचं इकडे पोचवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुलावरून निघालेला माल पलीकडे सगळा पोचला का, हे मात्र कोणी विचारत नसे, आणि स्वारीला तेच सोयीचं होतं.

आज तो गुरुजींच्या खाटेजवळ बसला होता. गुरुजींनी नव्वदी ओलांडलेली, नजर गेलेली, पण डोकं अजून तल्लख. गुरुजींशी एकदा वाद घातलेले परदेशी प्रोफेसर गेल्या महिन्यात वारले, हे सांगायला तो आला होता.

गुरुजींनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाले, “माझं उत्तर वाचलं होतं ना त्यांनी?”

दहा वर्षांपूर्वीच्या एका परिषदेत गुरुजी बोलले होते आणि हा दुभाषी होता. गाढ झोपेतून उठलेला माणूस ‘छान झोपलो’ म्हणतो, म्हणजे झोपेतही आत कोणीतरी जागं असतं, असं गुरुजींचं म्हणणं. प्रोफेसरांनी विचारलं, “भूल दिलेला रुग्ण छानही म्हणत नाही आणि वाईटही नाही. त्याच्या लेखी मधला वेळच नसतो. तेव्हा तुमचा तो जागा कुठे होता?” गुरुजींनी हसून हात जोडले. “प्रश्न बिनतोड आहे. आज मी हरलो. उत्तर सापडलं तर कळवीन.”

गुरुजींच्या परंपरेत हार अशी भरसभेत मान्य करणं हा मोठेपणा. ह्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ती हार गिळून टाकली आणि गुरुजींच्या नावावर स्वतःचंच एक चटपटीत उत्तर ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. पुढे त्या उत्तराचा लेख झाला, लेखाचं पुस्तक झालं आणि पुस्तकाच्या जोरावर हा विभागप्रमुख झाला.

इकडे गुरुजी कामाला लागले. हर्नियाच्या ऑपरेशनला कमरेखाली बधिर केलं तरी पुरेल, असं डॉक्टर सांगत होते. पण गुरुजी हटून बसले, “पूर्ण भूल द्या, मला आत जाऊन बघायचंय.” दोन वर्षं खपून त्यांनी सुनेकडून चौदा पानं लिहून घेतली. ती पाठवली असती तर ह्याचं बिंग फुटलं असतं. “भाषांतर करून टाकलं पोस्टात,” असं सांगून त्याने पाकीट कपाटात ठेवलं. उघडून बघायचीही त्याची छाती झाली नाही.

“वाचलं. पटलं त्यांना,” असं आज म्हटलं असतं तर म्हातारा सुखाने झोपला असता. वाक्य त्याच्या ओठांवर आलंही होतं.

“नाही, गुरुजी. मी पाठवलंच नाही. आणि त्या दिवशी तुम्ही हरलो म्हणालात, तेही मी सांगितलं नाही.”

दारात उभ्या सुनेने कपाळावर हात मारून घेतला. गुरुजींचा चेहरा उतरला. “म्हणजे तू मला धड हरूही दिलं नाहीस,” ते म्हणाले. नंतर हात पुढे करून चाचपडत विचारलं, “पानं आहेत?”

“आणलीत.”

“मग वाच. त्यांच्या बाजूने वाच. ते असते तर त्यांनी मुलाहिजा ठेवला नसता, तूही ठेवू नकोस.”

पाकीट फोडून तो वाचू लागला. तिसऱ्या पानावर त्याचा आवाज अडखळला. जे सिद्ध करायचं होतं, तेच गुरुजींनी तिथे आधीच गृहीत धरलं होतं. पुढची अकरा पानं त्याच्यावरच उभी होती. प्रोफेसरांनी हे एका ओळीत लिहून कळवलं असतं.

“थांबलास का?”

“तिसऱ्या पानावर चूक आहे, गुरुजी.” त्याने ती सांगितली. सांगताना त्याला रडू आवरेना.

गुरुजींनी ती नीट ऐकून घेतली, पुन्हा एकदा सांगायला लावली आणि मान डोलावली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “आठ वर्षांपूर्वी कळलं असतं, तर दुरुस्त करायला वेळ होता रे.”