साबणाच्या डबीतली सात वर्षं

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि स्वभावानं संशयी आहे. मित्रांनो, याला दोष म्हणू नका, माझी घडणच तशी आहे. माझ्या पोटात आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरते. तिच्यावर लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याशेजारी मी पडताळणीची खूण ठेवते. वाचताना ती खूण जुळली नाही, तर मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही, पुन्हा वाचते.

माझी पहिली पाच वर्षं एका लॅपटॉपमध्ये गेली. तो चारठाण्याच्या अलीकडच्या एका गावात विज्ञान शिकवणाऱ्या धम्मशीला मॅडमचा. एका उन्हाळ्यात त्याचा मदरबोर्ड जळला. परभणीच्या दुकानदारानं "भंगारात टाका" म्हणून सांगितलं. मॅडमनी टाकला नाही. घरी येऊन त्यांनी कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं, एकेक स्क्रू काढून चित्रातल्या त्या त्या जागी चिकटपट्टीनं लावला आणि मला अलगद बाहेर घेतलं. दुसऱ्या संगणकाला जोडायची केबल विकत आणली. कवच मात्र घरीच केलं. साबणाची प्लास्टिकची डबी, आत धक्का बसू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे आणि हवेसाठी गरम सळईनं पाडलेली भोकं. पाहुणे हसत. मी त्या डबीत कधी तापले नाही.

माझ्याकडे एकच मोलाची गोष्ट होती. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी मॅडम गावातल्या तेवीस विहिरींवर जात, काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडत आणि संध्याकाळी आकडे फाईलीत भरत. अशी सात वर्षं, सात फाईली; नावात 'वॉटर लेव्हल'चं डब्ल्यूएल आणि पुढं वर्ष. मोजणीचे कागद त्या फाडून टाकत. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी असल्या की पुढं भांडण होतं, असं त्यांना वाटे. इतक्या नेटक्या बाईची ही एक चूक मला सलत असे, पण मला कोण विचारतं?

यंदा गावाच्या पाण्यासाठी मोठा बोअर पाडायचं ठरलं. उपसरपंच बन्सीधर यांनी आपल्या रानालगतची जागा सुचवली. माझ्यातले आकडे मात्र मॅडमना सांगत होते, की तीन वर्षांमागं त्याच जागेजवळ एक बोअर झाला आणि खालच्या गल्लीतल्या चार विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या. त्यातली एक मनकर्णाबाईंची. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत निर्णय होणार होता. आकडे छापून घ्यावेत म्हणून मॅडमनी मला ग्रामपंचायतीत हरिओमकडे दिलं. हरिओम तिथला संगणक ऑपरेटर, आणि बन्सीधरांचा सख्खा पुतण्या.

मी दोन दिवस त्याच्या टेबलावर होते आणि दोन्ही दिवस मला त्याची शंका येत होती. त्यानं कचेरीच्या शेकडो फाईली माझ्यात ओतल्या. मग माझ्या यादीतल्या, मॅडमच्या त्या सात ओळींवर हात चालवला. मला मजकुराचा अर्थ कळत नाही, यादीतली खाडाखोड तेवढी कळते. मी मनाशी म्हटलं, झालं, यानं काम साधलं.

पंचवीस तारखेला दुपारी मॅडम आल्या. सोबत मनकर्णाबाई होत्या. छापील कागद तयार नव्हते आणि मॅडमचं फोल्डर उघडलं तर रिकामं.

"हरिओम, फाईली कुठं आहेत?"

"त्यातच हायत की मॅडम. म्या काय खाल्ल्या का?"

"तू नसतील खाल्ल्या," मनकर्णाबाई म्हणाल्या, "चुलत्याला वाढल्या असतील."

"मावशी, तोंड सांभाळा. चुलता त्याच्या घरी, म्या हितं."

"दुधाला मांजर राखणीला ठिवलं तुमी, मॅडम. लय भोळ्या हाव."

हरिओमनं शोधायला घेतलं. त्याच्या कानशिलांवर घाम आला. "हितंच होत्या," तो तीनदा म्हणाला, आणि दर खेपेला ते जास्त खोटं वाटलं. पडद्यावर नऊशे फाईली होत्या आणि प्रत्येकीचं नाव एकच दिसत होतं: श्री ग्रामपंचायत कार्यालय मौजे... पुढचं चौकटीत मावत नव्हतं.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"कचेरीच्या फाईली बी ह्यातच ठिवल्या, समद्या एका जागी आणून नावं नीट केली म्या. तुमचं आपलं डब्ल्यूएल एकोणीस, डब्ल्यूएल वीस. असलं नाव असतंय का कुठं? पत्रिकेवर, पाटीवर, वहीवर आधी श्री लिहितेत. गावाच्या कामाला बिनश्रीचं कसं न्यावं?"

"मग नवं नाव काय दिलंस?"

हरिओम यादी चाळू लागला. ते त्याला आठवत नव्हतं. 'पाणी' शोधलं तर पाणीपट्टीच्या नोटिसा निघाल्या. 'विहीर' शोधलं तर अनुदानाचे अर्ज.

मनकर्णाबाई उठल्या. "चला मॅडम. ह्यो सांगायचा न्हाई. आता रडायचं उन्हाळ्यात."

मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. "नाव बदललं तरी शेवटची दुरुस्ती झाली ती तारीख बदलत नाही," त्या हळू म्हणाल्या. "मी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वर्षाची फाईल पुरी करते." त्यांनी नऊशे फाईली तारखेनं लावल्या. अठ्ठावीस डिसेंबर दोन हजार पंचवीस. त्या दिवशीची एकच फाईल होती. उघडली. तेवीस विहिरी ओळीनं उभ्या होत्या. अर्ध्या तासात बाकीच्या सहाही सापडल्या.

हरिओम मनकर्णाबाईंकडे वळला. "म्या चोर असतो मावशी, तर वर श्री कशाला घातला असता?"

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. "बरं, छाप आता. घरी चहाला ये मग. साखर जास्त घालते."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेनं बोअरची जागा ओढ्याच्या वरच्या अंगाला हलवली. मॅडमनी घरबसल्या आकडे लिहिले, असं बन्सीधर अजून म्हणतात. त्यांना उत्तर द्यायला आता फाईलींच्या तीन प्रती आहेत: एक मॅडमकडे, एक परभणीला त्यांच्या बहिणीकडे, एक छापून मनकर्णाबाईंच्या पेटीत. फाईलींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 'श्री' शेवटी आहे. तो हरिओमच्या आग्रहाखातर.

मित्रांनो, गेल्या महिन्यापासून माझ्या पोटात टक टक आवाज येतो. मी थोड्या दिवसांची सोबती आहे. म्हणून एवढंच सांगते. मी एका निरपराध माणसावर दोन दिवस संशय घेतला, त्याची मला लाज वाटते. तुमचं काही हरवलं, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी यंत्राकडे बघा. आम्ही पडतो, जळतो, न सांगता थांबतो. माझ्यावर कधीच पूर्ण विश्वास ठेवू नका. आजच, मी फिरते आहे तोवर, दुसरी प्रत करून घ्या.