सांगिनखाला

त्या वर्षी कापूस वेचायला कुणी उरलं नव्हतं. बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती आणि त्यांच्या कडेला आम्ही बंदुका घेऊन बसलो होतो. आम्ही कुलोब भागातले, नदीपलीकडे गर्म खोऱ्यातले. काल-परवापर्यंत एकाच सामूहिक शेतावर शेजारी-शेजारी वाकणारी माणसं. लढाई कशासाठी, असं कुणी विचारलं की आजही माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याला वाटतं, मला ठाऊक आहे.

आमचा मुक्काम एका ओस वाडीत होता. माणसं नदी उतरून पळाली होती, मागे राहिली होती एक तांबडी दुभती गाय. कासेला हात लावला की पान्हा चोरायची आणि वर लाथ झाडायची. थोरल्यांना आम्ही अका, म्हणजे दादा, म्हणतो; आमचे कमांडर रहीमदोद अका वैतागले. म्हणाले, "दूध देत नाही ना? मग मांस देईल. शुक्रवारी कापा, भात-मांसाचा ओश करू."

तुकडीत सांगिन होता, डोंगराकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बोलायचा कमी. कमांडरचं ऐकून त्याचं तोंड उतरलं. आईची बोटं संधिवातानं वाकडी झाल्यापासून घरची धार तोच काढायचा, पण हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे धार काढणं बाईचं काम. पुरुष कासेखाली बसला तर अख्खा गाव त्याला जन्मभर पिडतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं अंगणातल्या दोरीवरचा फुलाफुलांचा झगा गणवेशावर चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि गाईजवळ जाऊन बसला. गाईनं त्याला हुंगलं. मग चरवीत धार वाजू लागली आणि आम्ही हसून हसून लोळलो.

"अरे, ही नवी सून कुणाची?"

"सांगिनखाला, अहो मावशी, माझ्यासाठी एखादी मुलगी बघा की!"

"हसा," तो मान न वळवता म्हणाला. "फक्त हळू हसा. हिला बाईच्याच हाताची सवय आहे, बुजली तर कोरा चहा प्यावा लागेल."

त्या सकाळी दुधाच्या खारट चहात शिळी नान कुस्करून सगळ्यांनी पोटभर खाल्ली. शुक्रवार आला आणि गेला. गाय कापायचं कमांडरनी नावही काढलं नाही. सांगिन मात्र रोज झगा घालायचा आणि रोज आमची टिंगल ऐकून घ्यायचा.

मग एका सकाळी तो धार काढत असताना नदीकडून हाक आली. "अनोरा! अगं अनोरा!" कमरेपर्यंत भिजलेली एक म्हातारी काठी टेकत धावत येत होती. आम्ही बंदुका रोखल्या, पण तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं सांगिनचा खांदा धरला, त्याला वळवलं आणि त्याच्या मिशा पाहिल्या.

ती मटकन खाली बसली.

"माझी सून," ती कमांडरना म्हणाली. "पळापळीत चुकली. पलीकडून रोज सकाळी गाईपाशी हा झगा दिसायचा. मनाला म्हणायची, ती नसेल. आज राहवलं नाही."

"खाला, झगा दोरीवर होता," सांगिन कसाबसा म्हणाला.

"धुतलेला?"

"हो."

"तिनंच धुतला असेल," म्हातारी म्हणाली.

सांगिन उठला. "अका, गाय यांना देऊन टाकू."

"आणि उद्या दूध काय तुझा बाप आणणार?" कमांडर खेकसले. पण त्यांचीही आई त्याच वयाची होती. म्हातारीच्या ओल्या कपड्यांकडे बघून म्हणाले, "नेऊ दे. पण माझा एकही माणूस पाण्यात उतरणार नाही. पलीकडून टिपतील."

"त्यांच्या एकटीच्यानं गाय नदीच्या धारेतून निघणार नाही. आणि मी कुठं माणूस आहे, अका? तुमची खालाच ना मी?"

कमांडर नाइलाजानं हसले. "झगा काढू नकोस मग. बाईवर नाही झाडायचे ते."

तिघं पाण्यात उतरली. मधोमध म्हातारी थांबली आणि काहीतरी बोलली. ती काय म्हणाली ते सांगिननं मला नंतर सांगितलं.

"पोरा, झगा काढ."

"इथं? खाला, ते मारतील मला."

"माझा मुलगा, अनोराचा नवरा, आजपासून त्या काठावर पहाऱ्याला येणार आहे. मी इकडं आले ते त्याला ठाऊक नाही. आता तो येऊन बघत असेल. मला जे वाटलं तेच त्याला वाटत असेल."

सांगिननं आमच्याकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं. त्याचा हात रुमालाच्या गाठीकडे गेला तसा मी दोन्ही हातांनी त्याला 'नको, नको' करू लागलो. त्यानं रुमाल सोडला. झगा डोक्यावरून काढला, घडी करून म्हातारीच्या खांद्यावर ठेवला आणि दावं तिच्या हातात दिलं. नदीच्या मधोमध आमच्या गणवेशातला एक निःशस्त्र जवान उभा होता. मग तो पाठ करून आमच्याकडे चालू लागला.

मला रडू येत होतं आणि त्याला शिव्याही द्याव्याशा वाटत होत्या. गोळी आली नाही. पलीकडे पाण्याच्या कडेला एक तरुण गुडघ्यांवर बसला होता. त्याची बंदूक मागे वाळूत पडली होती.

काठावर आल्यावर सांगिनचे दात वाजत होते. मी माझा चोगा त्याच्या अंगावर टाकला.

"तिचा मुलगा पळत आला होता," तो म्हणाला. "मी झगा काढायच्या आधीच तो पळत निघाला होता, अका."