वर पुसला, खाली उरला

मी पुसलेला मेल बोलतोय. दचकू नका. पुसलेले मेल बोलत नाहीत असं राजीवलाही वाटलं होतं, आणि तिथेच तो फसला.

माझा जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलचा. प्रीता नावाच्या बाईंनी जिमच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीतच बसून, मला फोनवर लिहिलं. काय आनंदात लिहिलं हो! लिहिता लिहिता हसल्या, मध्येच डोळे टिपले. मला जायचं होतं मिशिगनला, ट्रॉयमध्ये, त्यांच्या मैत्रिणीकडे, रेखाकडे. नागपूरला कॉलेजात असताना या दोघी टेबल टेनिसमध्ये जोडीने खेळायच्या. युनिव्हर्सिटीचा कप आणला होता दोघींनी.

माझ्या पोटात काय होतं ते सांगतो. ‘रेखे, काय करून राहिली तू तिकडे? इथे साठीच्या वरच्यांची डबल्सची स्पर्धा आहे. माझ्या पार्टनरचं मनगट मोडलं. मला दुसरी कोणी नको, तूच पाहिजे. सहा आठवडे माझ्याकडे राहा, दणकून प्रॅक्टिस करू. रविवारपर्यंत नाव द्यायचं आहे. हो म्हण ना बाई!’ आणखीही थोडं होतं खाली, ते मागाहून.

काम सोपं होतं. रेखाने मला वाचायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. पण या घरात मेलचा पत्ता एकच, नवराबायकोचा मिळून. अमेरिकेत आल्या आल्या काढलेला, तो तसाच राहिला. तुमच्याकडेही असेल, उगाच नाही म्हणू नका. दोघांचा पत्ता म्हणजे काय, तर आधी राजीव वाचणार आणि मग उरलंसुरलं रेखा.

राजीव म्हणजे गाड्यांच्या कंपनीतून नुकताच रिटायर झालेला इंजिनिअर. त्याचा नवा लॅपटॉप वर, किचनच्या काउंटरवर. रेखाच्या वाट्याला जुना डेस्कटॉप, खाली बेसमेंटमध्ये. तोही कशावर ठेवलेला? रेखाने हौसेने जुन्या सामानाच्या गराज सेलमधून आणलेल्या टेबल टेनिसच्या टेबलावर! अर्ध्या टेबलावर डेस्कटॉप, अर्ध्यावर राजीवचे खोके. खेळायचं कुठे, तर मनात.

लॅपटॉप आणला तेव्हा वर आणि खाली मेल सारखेच दिसावेत म्हणून सगळं सेटिंग राजीवने स्वतः केलं. कुणाला हात लावू दिला नाही. ‘‘इकडे डिलीट केलं की तिकडे डिलीट. परफेक्ट सिंक!’’ घरी कोणी जेवायला आलं की श्रीखंडाच्या आधी हे ऐकावंच लागायचं.

रेखा बिचारी सांगायची, ‘‘अरे, तू वर डिलीट केलेले मेल खाली तसेच असतात. मला परत डिलीट करत बसावं लागतं.’’

‘‘तूच काहीतरी चुकीचं दाबत असशील.’’ झालं, विषय संपला.

खरं तर रेखाचंच बरोबर होतं. खालचा डेस्कटॉप जुन्या वळणाचा. आलेला मेल तो आपल्यापुरता उतरवून घ्यायचा आणि जपून ठेवायचा. वर कोणी काय पुसलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. इथून पाठवलेलं उत्तरही तो स्वतःजवळच ठेवायचा, वरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. पण बायकोचं ऐकेल तो राजीव कसला!

त्या दिवशी कॉफी पिता पिता त्याने मला उघडलं. ‘सहा आठवडे’ इथपर्यंत आला आणि अडला. कपाळाला आठी. एकदा गॅसकडे बघितलं, एकदा फ्रीजकडे. ‘‘या वयात कसलं टेबल टेनिस!’’ असं स्वतःशीच पुटपुटला आणि मला पुसून टाकलं. मग कचरापेटी उघडून तिथूनही पुसलं. एरवी कॉफीचा मग सिंकमध्ये नेऊन ठेवत नाही हा माणूस, पण चोरी कशी नीटनेटकी केली बघा.

असा संताप आला मला! अरे, मी काय गाद्यांच्या सेलची जाहिरात होतो? माझ्यावर नाव रेखाचं, निरोप रेखाला, आणि नाही म्हणणारा हा कोण टिकोजीराव? त्याच क्षणी मी डूख धरला. खाली डेस्कटॉपवर मी केव्हाच उतरलो होतो, ठळक अक्षरांत, सगळ्यात वर. म्हटलं, ये रेखा, लवकर ये. आता याची खैर नाही.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मला वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तिचा उजवा हात आपोआप बॅट धरल्यासारखा वळला, मी पाहिलं. मग ती जिना चढून वर गेली. बेसमेंटचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

‘‘राजीव, प्रीताचा काही मेल आला होता का रे?’’

‘‘प्रीताचा? नाही बुवा. आला असता तर तुला खालीही दिसला असता ना. सिंक आहे!’’

ऐकलंत? दोन वर्षांपूर्वी त्याच प्रीताच्या घरी राहून सावजी चिकन चापून आला होता हा गृहस्थ! मला वाटलं, आता रेखा आकाशपाताळ एक करणार. पण ती तशीच मागे फिरली. खाली आली, खुर्ची ओढली आणि उत्तर लिहिलं, ‘येते. एकटीच येते. यावर मेल करू नकोस, फोन कर.’ ते उत्तर राहिलं इथेच, माझ्या शेजारी. वर लॅपटॉपला त्याचा वासही लागला नाही. माझा जीव असा थंड झाला म्हणून सांगू!

मग तिने राजीवचे खोके उतरवले. डेस्कटॉपसकट मलाही जमिनीवर ठेवलं. ठेव बाई, खुशाल ठेव. टेबलाची एक बाजू भिंतीसारखी उभी केली आणि तिच्यावर चेंडू मारत सुटली.

‘‘रेखा, खाली कसली ठोकाठोक चाललीय?’’

‘‘आवरतेय रे!’’

शुक्रवारी सकाळी बॅग दाराशी आली. राजीवच्या हातात कॉफी.

‘‘हे काय? कुठे निघालीस?’’

‘‘प्रीताकडे. सहा आठवडे.’’

‘‘अगं पण मला सांगायचंस तरी!’’

‘‘मेलमध्ये लिहिलंय की सगळं. तुला वर दिसला नाही?’’ रेखाने शांतपणे बूट घातले. ‘‘असं कसं? सिंक आहे ना?’’

टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला आणि इकडे मी पोट धरधरून हसलो. करावं तसं भरावं, दुसरं काय!

थोड्या वेळाने राजीव धडधडत खाली आला. मी जमिनीवर, त्यामुळे त्याला गुडघे धरत खाली बसावं लागलं. आधी रेखाचं उत्तर दिसलं, मग मी. या वेळी त्याने मला शेवटपर्यंत वाचलं. तुम्हाला मघाशी सांगितलं नाही ते शेवटचं हे होतं: ‘आणि राजीवलाही घेऊन ये. स्कोअर लिहायला आम्हाला घरचा माणूस पाहिजे. त्याची खोली तयार आहे.’

त्याचा चेहरा असा उतरला की दुसऱ्या कोणाला दया आली असती. मला आली नाही. मी मनात म्हटलं, वाच लेका, परत वाच.

मग त्याने प्रीताला लिहिलं, ‘मी पण येऊ का? स्कोअर लिहीन.’ आणि उत्तराची वाट बघत बसला. वर बघायचा, खाली येऊन बघायचा, पुन्हा वर. जेवण डब्यातलं, नाहीतर ब्रेड.

उत्तर आज आलं. पत्ता प्रीताचा, सही रेखाची. ‘राजीव, स्कोअर लिहायला माणूस मिळाला. मेल पुसलास तेव्हा मला विचारलं नाहीस. आता यायचं मनात आलं, तर तेही प्रीताला विचारलंस. आमची पहिली प्रॅक्टिस मॅच शनिवारी आहे.’

आता राजीव माझ्यासमोर जमिनीवर बसलाय. मला उघडलंय आणि बोट डिलीटच्या बटणावर आहे. दाबत नाही, उचलतही नाही. मंडळी, माझं काम झालं, मी निघायला मोकळा आहे. पूस की, राजीव. तिने वाचलंय मला.