दम सोड, कडूबा

बायांनी कबड्डी बघायला जायचं नाय, ही आमच्या गावची रीत. पोरगी लग्नाला आली तरी मी मालकांचा एकबी सामना बघितला नव्हता. मालक म्हणजे कडूबा, गावच्या संघाचे कप्तान. आमच्याकडं अजून जुनीच कबड्डी. घड्याळ नाय, दम टिकंल तोवर चढाई. दमात ह्यांचा हात धरणारा कुणी नाय, असं लोक सांगायचे. मी नुसती ऐकायची, अन् मातीनं भरलेली बनियन धुवायची.

यंदा गुडघ्यानं दगा दिला. "आवडा, हा शेवटचा हंगाम," म्हणाले.

त्यातच सरपंच तात्यासाहेबांचा बद्रीनाथ अमेरिकेहून सुट्टीवर आला. दरसाली तेच गाव जिंकतं, जत्रेतल्या सामन्यांना कुत्रं फिरकत नाय, म्हणून तात्यासाहेब करवादत होते. बद्रीनाथ म्हणाला, "तिकडं शेवटी राहिलेल्या संघाला पुढच्या सालचा नवा गडी सगळ्यांआधी निवडता येतो. म्हणून कुणी कायमचं दुबळं राहत नाही. आणि बायकांनाही खुर्च्या टाका, गर्दी वाढेल."

आला उंटावरचा शहाणा! पण खुर्च्यांचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? जत्रेत खेळणाऱ्या चारी गावांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

नवा गडी होता खुलताबादचा राहत नावाचा पोरगा. त्याला धरायला पाच जण लागायचे. चारी गावांचा डोळा त्याच्यावर.

शेवटचा सामना तळाच्या दोन संघांत, आम्ही अन् डोंगराखालचे. सकाळी तात्यासाहेब दारात आले. "कडूबा, आज हरायचं. हरलो की राहत आपला."

तात्यासाहेब गेल्यावर मालक मला म्हणाले, "तू येच. सामना जाऊ दे, पण एक चढाई तुला झकास करून दाखवतो." मी ठेवणीतलं लुगडं नेसले. इतकी हरखले होते की देवाला दिवा लावायचा राहिला.

मैदानावर बघते तर काय, डोंगराखालच्यांनीबी हरायचंच ठरवलेलं. अक्कल काय एकाच गावाला असते व्हय? कुणी कुणाला धरंना. गडी आपणहून रेषेबाहेर जायला लागले. पंच शफीभाई कपाळ बडवून ओरडले, "अरे पकडो ना यारो! कबड्डी है के मजाक?" लोक पोट धरून हसत होते.

गुण बरोबरीत आले अन् शेवटची चढाई ह्यांची निघाली.

"कबड्डी, कबड्डी..." आवाज असा खणखणीत की माझ्या अंगावर काटा आला. पण पलीकडचे गडी हात पसरून स्वतःच ह्यांना शिवायला लागले. "घ्या काका, बाद करा, जा माघारी!" मालक त्यांना चुकवत मागं सरायचे. गुडघा लटपटत होता. तरी एक जण शिवलाच. आता माघारी आले तर आपण जिंकणार अन् राहत हातचा जाणार. दम तुटला तर हरणार. पण तुटंल कसा? जन्मभर तोच तर कमावलेला.

रेषेवरून तात्यासाहेब ओरडले, "दम सोड, कडूबा!" मग सगळं गाव ओरडाय लागलं, "सोड, सोड!"

मालकांनी खुर्च्यांकडं बघितलं. माझ्याकडंच. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. मला वाटलं उठून ओरडावं, नका सोडू हो! पण गावासमोर तोंड उघडलं नाय.

"कबड्डी... कबड्..." अन् ते गप्प झाले. तोंड आपणहून मिटलं, दम छातीत तसाच होता. माझ्या नजरेला ते कळलं.

टाळ्या पडल्या. आपल्याच माणसाच्या हरण्याला आपल्याच गावाच्या टाळ्या! तात्यासाहेबांनी राहतला हार घातला.

घरी आल्यावर मी पाणी दिलं. "दम लई मोठा हाय तुमचा," मी म्हणाले. "लोक खरं सांगायचे."

त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला अन् भिंतीकडं तोंड करून पडले.

"आवडा," पडल्या पडल्या म्हणाले, "पोरीनं विचारलं तर सांग, तू आलीच नव्हतीस."