उचलायचं नाही

"श्वास सोडा, मास्तर."

"सोडला की."

"कोंडून धरलाय. कान लाल झालेत तुमचे."

पिलाटेसच्या त्या छोट्या वर्गात दुखऱ्या पाठीची, बदललेल्या गुडघ्यांची माणसं येत. शिकवणारी ताई प्रत्येकासाठी व्यायाम नव्यानं बेतून देई. शिंप्यानं जुना सदरा अंगावर धरून टाचावा, तसा. निवृत्त कवायत-मास्तरांचा एक मणका ठिसूळ होऊन चेपला होता, म्हणून त्यांना पाठीतून वाकणं वर्ज्य. सांगितलेलं सगळं ते निमूट करीत. आज मात्र चटईवर नुसते बसून राहिले.

"ताई, आमच्या हिला खुर्चीतून उचलायचं शिकवा. अर्धांगाचा झटका आल्यापासून मीच उचलतो. एक-दोन-तीन, की वर. परवा दोघंही पडलो. मुलगी म्हणते, आता आईला शुश्रूषागृहात ठेवू."

"आणि आई काय म्हणतात?"

"वाचा गेलीय तिची. नाहीतर मुलीची खैर नव्हती."

ताईनं हो म्हणावं तर मणका जायचा, नाही म्हणावं तर घर.

"उचलायचं नाही," असं म्हणत ती स्वतःच खुर्चीत बसली. "मी आई. उठवा."

"एक, दोन..."

"इतक्यात त्या कशा उठतील? तुम्ही घाई करता, म्हणून सगळा भार तुमच्यावर येतो. मोजू नका. पाठ ताठ, गुडघे सैल, हात नुसता आधाराला. लांब श्वास सोडा, त्यांच्या खांद्याला लागेल असा. तीच खूण. मग वाट बघा."

"चाळीस वर्षं पोरांना तीनावर उडवलं हो."

"त्या पोरांना कुठं तुमच्याबरोबर राहायचं होतं?"

मास्तर हसले.

शनिवारी मुलगी आईची चाकांची खुर्ची ढकलत घेऊन आली. मास्तर समोर उभे राहिले. श्वास सोडला. काहीच हाललं नाही. पुन्हा सोडला. ताईचे हात दोघांभोवती अधांतरी, कुठंही न टेकलेले.

"बाबा, राहू दे ना आता," मुलगी हळूच म्हणाली.

"थांब. तिचं चाललंय."

पुढच्या श्वासासरशी बाई पुढे कलल्या. चांगल्या पायाची बोटं फरशीवर रुतली, आणि विहिरीला पाणी चढावं तशा त्या संथपणे चढत गेल्या. मास्तरांच्या छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत, आणि त्याहीवर. नवऱ्याहून त्या चार बोटं उंच होत्या. दोन वर्षांच्या बसण्यात हे घरात सगळेच विसरले होते.

त्यांच्याकडे पाहण्यासाठी मास्तरांनी मान वर केली.