धोंड्याच्या महिन्यातलं लिनक्स

सासूच्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवून अमरला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकू. पैसा नाही; विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकटच असतं. पण नागपूरच्या ऑफिसात त्याचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या तक्रारी तिसऱ्यांकडे पाठवणं, आणि घरी बायकोनं, निकितानं, रविवारी लॅपटॉप उघडायला बंदी केलेली. वणीला सासुरवाडीत मात्र मोकळं टेबल होतं, त्याच्याचकडे तोंड केलेला पंखा होता, दर पाऊण तासानं आल्याचा चहा होता आणि प्रयोगाला दुसऱ्याचं मशीन होतं. वर काहीही करून ठेवलं तरी ‘मस्त हाय, जवाईबापू’ म्हणणारी सासू. इतकं सुख माणसाला स्वतःच्या घरी मिळत नाही.

सासूबाईंना, म्हणजे शकुबाईंना, हवं होतं ते फारच साधं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर समाजाच्या मंडळाकडून त्यांनी उपवर मुलामुलींची परिचय पुस्तिका मागून घेतली होती. मागून घेतली, कारण आदल्या वर्षी ती अध्यक्ष बापूजींच्या पुतण्यानं केली होती आणि मारेगावच्या मुलीच्या नावावर पांढरकवड्याच्या मुलाचा मिशीवाला फोटो छापला होता. “एक जरी चूक निघाली तरी पुन्हा मागनार नाही,” असं शकुबाई भर सभेत बोलून बसल्या. एकशे बहात्तर घरांनी त्यांच्या भरवशावर माहिती पाठवली. निवृत्तीनंतर माणसाला कोणी विचारत नाही. शकुबाईंना एकशे बहात्तर घरं विचारत होती. पुस्तिका वेळेवर आणि बिनचूक निघाली नाही, तर हे विचारणं संपणार होतं.

त्यासाठी त्यांना कॉम्प्युटरकडून तीन गोष्टी पाहिजे होत्या. मराठी टाइप व्हावं, प्रिंट निघावी, आणि काल जे जिथं होतं ते आज तिथंच असावं.

मशीन जुनं, वणीच्या खाणींतल्या कोळशाच्या धुळीपायी कायम चादरीखाली झाकलेलं. दिवाळीच्या महिन्यात त्यातल्या विंडोजची मुदत संपली आणि पुढचं विंडोज त्या मशीनला चालेना. दिवाळीला आलेल्या अमरनं सगळी कागदपत्रं पेनड्राइव्हवर नीट काढली आणि मिंट नावाचं लिनक्स बसवून दिलं. खाली पट्टी, कोपऱ्यात बटण, अगदी पहिल्यासारखं. पंधरा दिवसांत शकुबाईंचा हात बसला. फोनवर त्या म्हणाल्या, “मस्त हाय, जवाईबापू.” त्या वेळी ते खरं होतं.

संक्रांतीला अमर आला तो नवा पेनड्राइव्ह खिशात घेऊनच.

“आई, ते जरा जुनाट दिसते. दुसरं लिनक्स बसवून देतो. डिस्ट्रो म्हणजे घर समजा, अन् डेस्कटॉप म्हणजे घरातली मांडणी. नव्या घरात नवी मांडणी.”

मग मांडणी कायले बदलता, माह्या हाताले डबे सापडत नाहीत, हे शकुबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण जावई. त्यांनी तिळाचा लाडू पुढे केला आणि म्हणाल्या, “असं हाय व्हय! मस्त.”

आता पट्टी नव्हती, पडद्यावर फाइली नव्हत्या. एक कळ दाबली की सगळ्या खिडक्या लहान होऊन समोर उभ्या राहायच्या, हजेरीला उभ्या केल्यासारख्या. मराठीतून इंग्रजीत जायची कळसुद्धा बदलली. शकुबाईंनी वहीत लिहून घेतलं, चिडत चिडत शिकल्या. होळीला अमरनं तेही काढलं. या खेपेच्या डेस्कटॉपात म्हणे सगळंच आपल्या मनासारखं करता येत होतं; आणि मन अमरचं असल्यामुळे खिडकी ओढली की ती खरवसासारखी थरथरायची. सासरे वामनरावांना ते फार आवडलं. पंचायत समितीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ दुपारभर खिडकी इकडून तिकडे ओढत बसायचा, आणि बायोडाट्यांचा गठ्ठा पेपरवेटखाली तसाच.

मुलींचे बापही कमी नव्हते. “म्याडम, पोरीची उंची दोन इंच वाढवा,” म्हणून एकाचा फोन. “काहून? वाढली का?” “नाही, उंच टाचेच्या चपला घेतल्या तिनं.” असल्या दुरुस्त्या, त्यात दर दोन महिन्यांनी नवी पाटी गिरवायची. शेवटी शकुबाईंनी मुलीला फोन लावला.

“निकू, सांग ना त्यायले. बस म्हनावं आता.”

“मी सांगू? आई, तूच त दर वेळेस मस्त हाय म्हनतं. ते ऑफिसात सांगून राह्यले, माह्या सासूले नवं शिकायची भारी हौस हाय. तुले एक आवडलं का ते लगेच पुढचं शोधतात.”

शकुबाईंनी फोन ठेवला. म्हणजे हे सगळं त्यांच्या मानपानातून उगवलेलं होतं. बाहेरचा मेकॅनिक असता तर दुसऱ्याच दिवशी चार शब्द ऐकून गेला असता.

“मी आता सांगूनच देतो त्यायले, नको म्हनून,” त्या वामनरावांना म्हणाल्या.

“जवायाले? अवं, धोंड्याचा महिना तोंडावर हाय!”

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, जावयाला बोलावून तेहतीस अनारसे वाढण्याचा. या महिन्यात लग्नं होत नाहीत. त्या रिकाम्या दिवसांत पुस्तिका छापून घ्यायची, असं मंडळानं ठरवलं होतं. सोमवारी मजकूर यवतमाळच्या छापखान्यात पोचला पाहिजे होता. अमर आणि निकिता गुरुवारी आले. तेव्हा एक्क्याऐंशी बायोडाटे बाकी होते.

शुक्रवारी सकाळी शकुबाई स्वयंपाकघरात अनारसे तळत होत्या. हात पुसत बाहेर आल्या तो पडदा काळा. वर एक बारीक पट्टी, बाकी काही नाही.

“सरप्राइज!” अमर म्हणाला. “आई, याच्यात माऊस लागतच नाही. खिडक्या आपोआप जागा वाटून घेतात. फक्त चौतीस शॉर्टकट.” आणि त्यानं छान लॅमिनेट केलेला तक्ता पुढे केला.

तेवढ्यात बापूजींचा फोन. “म्याडम, नसन जमत त सांगा. संकोच करू नका. माहा पुतन्या रिकामाच बसला हाय.”

फोन ठेवेपर्यंत ‘मस्त हाय’ हे शब्द शकुबाईंच्या तोंडात सवयीनं जमा झाले होते. त्यांनी ते गिळले. एक बायोडाटा उचलला.

“जवाईबापू, बसा. हा एवढा मराठीत टाइप करा अन् प्रिंट काढून द्या.”

“आत्ता? अनारसे…”

“अनारसे पळून नाही चालले.”

अमर बसला. मराठी कीबोर्ड टाकायचा राहिला होता, तो टाकला. मग अक्षरांऐवजी चौकोन यायला लागले, म्हणून फॉन्ट टाकले. साडेबाराला वामनराव डोकावले, “जेवाले बसता ना?” “पाच मिनिटं, बाबा.” एकला पुन्हा डोकावले, तेव्हा जावई प्रिंटरची वायर काढून पुन्हा लावत होता. निकितानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता निघून गेली. पावणेदोनला प्रिंटर गुरगुरला आणि एक स्वच्छ, कोरा कागद बाहेर आला.

अमरनं कपाळ पुसलं. “माझ्या मशीनवर तर हे लगेच होते.”

“तुमच्या मशीनवर काय हाय?”

“डेबियन लिनक्स, साधा एक्सएफसीई डेस्कटॉप.”

“कधी टाकलं?”

“झाले असतील चार वर्षं.”

“चार वर्षांत बदललं नाही?”

“नाही आई, ते कामाचं मशीन आहे. त्याला मी हात लावत नाही.”

“अन् हे कायचं हाय?”

दारात उभे असलेले वामनराव पंख्याकडे पाहायला लागले. कानउघाडणी करणाऱ्या बाईंपुढे बसलेल्या पोरासारखा अमर तक्त्याची कड सोलत राहिला.

“चुकलंच,” तो म्हणाला. “पण तुम्ही कधी बोलल्याच नाही.”

“ते माहं चुकलं,” शकुबाई म्हणाल्या. “आता बोलतो. जे तुमच्यावर हाय ते याच्यावर टाका. त्यानंतर फक्त अपडेट. बाकी कोनी हात लावाचा नाही. चला, जेवून घ्या.”

तेहतीस अनारशांपैकी अमरनं चार खाल्ले. सहा वाजेपर्यंत डेबियन बसलं: साधी करडी पट्टी, कोपऱ्यात बटण, मराठी एका कळीवर, आणि प्रिंटरमधून चक्क अक्षरं. दिसायला काही नव्हतं. शकुबाईंना ते फार देखणं वाटलं.

पण बायोडाटे एक्क्याऐंशीच होते, आणि दिवस गेलेला.

“मी वाचतो, तुम्ही टाइप करा,” शकुबाई म्हणाल्या. “तुमचे हात तरने हायत.”

“मी? मराठी?”

“आठ महिन्यांत मी तीन शिकली. तुम्ही एक शिका.”

शनिवार, रविवार, धोंड्याचा जावई नवा शर्ट घालून टेबलाशी बसला होता आणि सासू मागं उभी राहून सांगत होती: वय सत्तावीस, बी.एस्सी. नर्सिंग, अपेक्षा निर्व्यसनी. शेजारच्या कौसल्याबाई विरजणाच्या निमित्तानं दोनदा येऊन बघून गेल्या. रविवारी जेवणानंतर शकुबाईंनी पानन्‌पान तपासलं. प्रत्येक फोटो त्याच्याच नावावर होता. सोमवारी सकाळच्या एसटीनं वामनराव मजकूर घेऊन यवतमाळला गेले.

बुधवारी नागपूरहून विहीणबाईंचा फोन आला. “आमच्या अमरले तुम्ही धोंड्यात कामाले लावलं म्हनते?”

“हो, लावलं,” शकुबाई म्हणाल्या. पलीकडून फोन बंद झाला.

तर एकूण असं झालं. लिनक्स शेवटपर्यंत फुकटच पडलं. अमरचे गेले तीन दिवस, पाहुणचाराचे. बापूजींचं काहीच गेलं नाही. पुस्तिकेवर अध्यक्ष म्हणून त्यांचा फोटो आहे. बाकी सगळं शकुबाईंनी भरलं: आठ महिन्यांतल्या दुपारी, आणि सोयऱ्यांमध्ये असलेलं चांगल्या सासूचं नाव.